अकरा भट्ट्यांची सपाट रेघ

भट्टीत आठ हजार कौलं कशी रचायची हे ज्याला कळलं त्याला अर्धं जग कळलं, असं थोरला म्हणायचा. उरलेलं अर्धं त्याला आधीपासूनच ठाऊक होतं. शाळा म्हणाल तर नववीपर्यंत. पण आकडेमोडीची वेळ आली की शिकलेले लोक कागद-पेन्सिल शोधत राहायचे आणि हा छपराकडे बघून उत्तर देऊन मोकळा व्हायचा. उत्तर बरोबर असायचं का? बहुतेक वेळा. नसलं तरी तो इतक्या जोरात सांगायचा की विचारणाऱ्याला वाटायचं, आपलाच प्रश्न चुकला.

आणि खरं ते खरं. नदीकाठच्या अकरा भट्ट्यांमध्ये त्याच्या तोडीचा मुकादम झाला नाही. ओली माती मुठीत दाबून सांगायचा, ‘हिच्यात रेती जास्त आहे, न्या परत.’ धुराचा रंग बघून सांगायचा की आत आग कितव्या थरापर्यंत पोचली. बाप गेला तेव्हा हा सोळा वर्षांचा, मधली बहीण बारा, धाकटा सात. थोरल्यानं दप्तर धाकट्याच्या गळ्यात अडकवलं आणि स्वतः मातीत उतरला. सव्विसाव्या वर्षी मुकादम. धाकट्याला शेवटपर्यंत शिकवलं, आणि शिकवलं हे त्याला कधी विसरू दिलं नाही.

धाकटा शिकून सरकारी आकडे कार्यालयात लागला. काम असं की दर महिन्याला त्या भागातल्या प्रत्येक कारखान्यातून एक फॉर्म भरून घ्यायचा, किती माल तयार झाला त्याचा. ते सगळे आकडे जोडायचे आणि वर्षाच्या शेवटी अख्ख्या भागाच्या उत्पादनाची आलेखावर एक रेघ काढायची. त्या भागात मोठं म्हणावं असं उत्पादन एकच, कौलं. म्हणजे रेघ काढायची ती अकरा भट्ट्यांचीच.

पहिला फॉर्म धाकट्यानं आणला तोच भावाच्या भट्टीवर. नवी नोकरी, नवा शर्ट, खिशाला पेन. फॉर्मवर रकाना होता : महिन्यात तयार झालेला माल, नग. थोरल्यानं पेन काढून घेतलं आणि लिहिलं, बत्तीस हजार.

‘दादा, इथे तयार माल लिहायचाय.’

‘मग मी काय लिहिलं? महिन्यात चारदा भट्टी लागते, दर वेळी आठ हजार कौलं रचतो. चार आठे बत्तीस. तुमच्या सरकारला पाढे येत नाहीत का?’

‘फुटलेली वजा करायची असतील रे.’

‘माझ्या हातची भट्टी फुटत नाही.’

धाकटा हसला. फॉर्म घडी करून पिशवीत ठेवला. त्यात तेव्हा फारसं खोटंही नव्हतं. शंभरात चार फुटायची, फार तर पाच. एवढ्यासाठी थोरल्या भावाशी कोण वाद घालणार?

पण पुढच्या आठवड्यात बाकीचे दहा मुकादम एकेक करून आले. फॉर्म त्यांच्याही हातात पडला होता आणि कुणालाच तो भरायची सवय नव्हती. थोरल्यानं पाटावर बसून सगळ्यांना शिकवलं. ‘रचलेली लिहा. रचताना मोजलेली असतात, आकडा तोंडात असतो. काढलेली कोण मोजत बसतो? ते निवडणीच्या बायकांचं काम.’ निवडणी म्हणजे भट्टीतून काढलेलं एकेक कौल बोटाच्या पेरानं वाजवून बघायचं. खणखणीत वाजलं तर गाडीत, बद्द वाजलं तर खापरांच्या ढिगावर. त्या बायकांची मजुरी साबूत कौलांवर असायची. थोरल्याची बायको निवडणीतच होती. मधली बहीणही तिथेच लागली.

तर अशी पद्धत पडली. अकरा भट्ट्या, एक गुरू.

वर्षातून एकदा धाकटा रेघेची एक प्रत थोरल्यासाठी घेऊन यायचा. तो समजावून सांगायचा, ‘एका वर्षाचं काही खरं नसतं, दादा. कधी कोळसा उशिरा येतो, कधी साथ येते, माणसं आजारी पडतात. म्हणून आम्ही तीन-तीन वर्षांची सरासरी धरतो आणि मग सगळी वर्षं एका कागदावर मांडतो. तेव्हा कळतं, भाग चढतोय की उतरतोय.’ थोरल्याला सरासरी वगैरे पाठ झाली. चहाच्या टपरीवर तो कागद टेबलावर पसरायचा, चार कोपऱ्यांवर चार ग्लास ठेवायचा.

‘बघा रे. ही पुलापलीकडच्या भागाची रेघ. नुसती घसरगुंडी. आणि ही आपली. पाट कसा सपाट असतो, तशी! अकरा भट्ट्यांनी हा भाग उचलून धरलाय. आणि अकरा भट्ट्यांना कुणी धरलंय ते मी माझ्या तोंडानं सांगत नाही.’

‘नाही, नाही, तू कशाला सांगशील,’ खालच्या भट्टीचा मुकादम म्हणायचा. त्याला सगळे बोका म्हणत. मिशांमुळे, आणि डोळे मिटून सगळं बघायच्या सवयीमुळे.

आठ वर्षांपूर्वी सरकारनं उतरत्या भागांची यादी केली. ज्या भागाची रेघ दहा वर्षांत चौथाईनं खाली आली त्याला नव्या गॅसच्या भट्ट्या मिळणार, कारागिरांना नवं काम शिकवायला कार्यशाळा मिळणार. पुलापलीकडचे यादीत गेले. हे राहिले. त्या दिवशी टपरीवर थोरला म्हणाला, ‘रडणाऱ्याच्या ताटात दोन घास जास्त पडतात. आपण रडणारे नाही.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. चहाचे पैसे बोक्यानं दिले, हे विशेष.

दरम्यान जमिनीवर काय चाललं होतं? काठावरची चिकट माती संपली. लांबून रेतीची माती यायला लागली. भट्टीच्या कमानीला तडा गेला, तो लिंपला, परत गेला. शंभरात चार फुटायची ती दहा फुटायला लागली, मग वीस, मग पस्तीस. नव्वद माणसं होती, चाळीस उरली. थोरल्याला हे कळत होतं का? कळत होतं आणि नव्हतंही. तो रचायचा आठ हजार, आग लावायचा, पाच दिवसांनी दार फोडायचा आणि पाठ फिरवायचा. निवडणीच्या शेडकडे तो जायचाच नाही. म्हणायचा, बायकांची जागा, तिथे माझं काय काम?

मग एका रविवारी दुपारी धाकटा न कळवता थोरल्याच्या घरी आला. चपला काढल्या नाहीत, खुर्चीच्या टोकावर बसला. पिशवी मांडीवरच.

‘दादा, एक विचारू? रागावू नकोस.’

‘तू काही विचारलंस आणि मी रागावलो, असं कधी झालंय?’

आतल्या खोलीत वहिनीला खोकला आला.

‘महिन्याचा आकडा तू कुठून घेतोस?’

‘कुठून म्हणजे? इथून.’ थोरल्यानं कपाळावर बोट आपटलं.

‘रचलेल्यांचा का निघालेल्यांचा?’

‘आज बावीस वर्षांनी विचारतोयस?’

मग धाकट्यानं सांगितलं. कार्यालयात नवी साहेबीण आली होती. तिनं या भागाच्या कौलांच्या रेघेशेजारी आणखी दोन रेघा काढल्या. एक भट्ट्यांवर किती माणसं आहेत त्याची, एक पुलावरून कौलांच्या किती गाड्या गेल्या त्याची. माणसं निम्मी, गाड्याही तिसऱ्या हिश्शानं कमी, आणि कौलं तेवढीच. तिनं धाकट्याला समोर बसवून विचारलं, ‘कौलं होतात तर जातात कुठे? हवेत?’ तिचा संशय सरळ होता. हा माणूस भट्ट्यांवर जातच नाही, घरी बसून मागच्या वर्षीचे आकडे उतरवतो. शुक्रवारपर्यंत लेखी उत्तर हवं होतं. उत्तर पटलं नाही तर नोकरी.

‘तिला म्हणावं, भट्टीवर ये. दाखवतो मी तिला कौलं,’ थोरला म्हणाला. आवाज नेहमीचाच मोठा.

‘ये म्हटलं तर ती खरंच येईल, दादा. तशी आहे ती. मी फक्त तुला विचारायला आलो. आकडा बरोबर आहे ना?’

खिडकीतून भट्टीचं धुराडं दिसत होतं. थोरला त्याच्याकडे बघत राहिला.

‘बरोबर आहे.’

‘तू म्हणतोस म्हणजे असेल.’ धाकटा उठला. चहाही अर्धाच प्यायला. दारात वळून म्हणाला, ‘येतो वहिनी,’ आणि गेला.

वहिनी ओले हात पुसत बाहेर आली. तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर कौलं वाजवून वाजवून गाठीसारखं झालं होतं.

‘अहो, मागच्या भट्टीतून किती निघाली?’

‘आठ.’

‘रचली किती ते नाही विचारलं. निघाली किती?’

थोरल्यानं धाकट्याची खुर्ची उचलून भिंतीला लावली.

‘चार हजार नऊशे. मी वाजवलीत ना. एकेक.’ तिनं अर्धा राहिलेला चहा उचलला. ‘भावजींनी तुमचा शब्द घेतला आणि उठून गेले. लहानपणी तुम्ही शाळेत सोडायला जायचात तेव्हा बोट धरून जायचे तसे.’

‘तू मध्ये पडू नकोस.’

‘मी कशाला पडू? पडायचं ते पडलंच आहे.’

सोमवारी दुपारी, बायका जेवायला गेल्या तेव्हा, थोरला निवडणीच्या शेडमध्ये गेला. लांबट शेड, जमिनीवर पोत्यांच्या घड्या, प्रत्येकीची बसायची जागा खोलगट झालेली. त्यांच्या पाठीमागची भिंत त्यानं आयुष्यात पहिल्यांदा नीट बघितली. पुरुषभर उंच, या टोकापासून त्या टोकापर्यंत कोळशाच्या खुणांनी भरलेली. उभी रेघ म्हणजे हजार, आडवी म्हणजे शंभर. प्रत्येक वेळी भट्टी उघडली की साबूत कौलं किती निघाली त्याची एक खूण. बारा महिने झाले की विटेच्या तुकड्यानं लाल रेघ. मुकादमाच्या तोंडावर विसंबून आपली मजुरी बुडू नये म्हणून बायकांनी ठेवलेला स्वतःचा पुरावा.

डाव्या टोकाला सात उभ्या, सहा आडव्या. सात उभ्या, सात आडव्या. थोरला भिंतीला हात लावून चालत गेला. हळूहळू उभ्या रेघा कमी होत गेल्या, कंगव्याचे दात पडत जावेत तशा. सहा. सहा. पाच. उजव्या टोकाला, दाराजवळ, चार उभ्या आणि नऊ आडव्या, कालपरवाच्या. बोटाला काळं लागलं.

मध्यावर एक पट्टा होता, तिथल्या रेघा डावीकडे कललेल्या. अक्षर ओळखावं तसं त्यानं ते ओळखलं. मधली डावखुरी होती. नऊ वर्षांपूर्वी ती नवरा-मुलं घेऊन दुसऱ्या शहरात निघून गेली. जायच्या आधी याच्या दारात उभी राहून म्हणाली होती, ‘दादा, सहा हजारांत भागत नाही रे.’ हा म्हणाला होता, ‘सहा कुठले? आठ रचतो मी. तुमच्या हातांना कामाचा कंटाळा आलाय.’ तिनं वाद घातला नाही. सामान बांधलं. तिच्या कललेल्या रेघा संपल्या तिथल्या सहा उभ्यांसमोर थोरला उभा राहिला. तो तिच्याच जागी, पोत्यावर बसला.

वहिनी डबा घेऊन परत आली तेव्हा तो तिथेच होता.

‘हे मला का नाही सांगितलंस?’

‘सांगितलं. एकदा नाही, दहादा. तुम्ही म्हणालात, बायकांना हजाराच्या पुढे मोजता येत नाही.’

तो तसं म्हणाला होता. कुठे म्हणाला, कुणासमोर म्हणाला, किती हशा झाला, सगळं त्याला लख्ख आठवलं.

‘चुना लावायला माणूस दोनदा आला,’ वहिनी म्हणाली. ‘आम्ही भिंतीला पाठ लावून बसलो. म्हटलं, आधी आम्हाला लाव.’

मंगळवारी बोक्यानं त्याला टपरीच्या मागे गाठलं. बातमी त्याच्या मिशांना आधी कळायची.

‘गप्प बस,’ बोका म्हणाला. ‘तू तोंड उघडलंस की अकरा जण उघडे पडतात. मालक शहरात बसलाय, त्याला विक्रीशी मतलब, त्यानं फॉर्म कधी बघितला नाही. पण सरकारनं विचारलं तर तो आपल्याला विचारेल.’

‘धाकट्याची नोकरी जाईल.’

‘सरकारी नोकरी अशी जात नसते रे. बदली होईल फार तर.’

‘आणि चोर म्हणतील ते?’

बोक्यानं डोळे उघडले. ‘हे बघ मुकादम, आम्हाला रचलेली लिहा म्हणून कुणी शिकवलं? मी तर म्हणत होतो, रकाना रिकामा ठेवू.’

थोरला बोक्याला दोन शिव्या देऊन निघाला. पण बुधवारी तो गप्पच बसला. गुरुवारीही. भट्टी रचताना मोजणी दोनदा चुकली. पोरसवदा असताना सुद्धा त्याची मोजणी चुकत नसे. जेवताना वहिनीनं काही विचारलं नाही. तो मनात हिशेब करायचा : मी शिकवलं त्याला. दप्तर दिलं, फी भरली, पेन घेऊन दिलं. आणि मग त्याच पेनानं लिहिलेले बत्तीस हजार आठवायचे. माणूस दुसऱ्यावर केलेले उपकार मोजायला लागला की समजावं, कुठेतरी त्याचंच माप खोटं आहे. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण कळत होतं.

गुरुवारी संध्याकाळी धाकट्याचा फोन आला.

‘उत्तर लिहिलं, दादा. ऐकतोस? “आकडे प्रत्यक्ष जाऊन तपासण्यात माझ्याकडून कसूर झाली. याला संपूर्णपणे मीच जबाबदार आहे.” बरं आहे ना?’

‘माझं नाव?’

‘तुझं कशाला?’

‘भट्टीचं नाव?’

‘नको, दादा. उगाच तुला त्रास.’

थोरल्यानं फोन ठेवला आणि आत गेला. वहिनीला म्हणाला, ‘माझा पांढरा शर्ट कुठे आहे?’

‘खुंटीवर. सोमवारपासून इस्त्री करून ठेवलाय.’

आकडे कार्यालयात तो त्या शुक्रवारआधी कधी गेला नव्हता. दोन जिने, मग लांब व्हरांडा, कपाटांवर कपाटं. भिंतीवर वेगवेगळ्या भागांच्या रेघा चौकटीत लावलेल्या. त्यानं लांबूनच आपली ओळखली, तीच एकटी आडवी झोपली होती. साहेबीण त्याला वाटली होती त्याहून लहान निघाली, मधलीच्या मुलीएवढी. धाकटा तिच्यासमोर उभा होता, कागद टेबलावर. भावाला दारात बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

‘दादा, तू कशाला—’

‘मी याचा थोरला भाऊ,’ थोरला म्हणाला. आवाज खोलीपेक्षा मोठा झाला, शेजारच्या दोघांनी माना वर केल्या. ‘भट्टीचा मुकादम. तुम्ही शोधताय तो चोर मी.’

‘चोर कुणी म्हटलं नाही. बसा,’ साहेबीण म्हणाली.

तो बसला नाही. उभ्यानं सगळं सांगितलं. रचलेली आणि निघालेली, शंभरात चार आणि शंभरात एकोणचाळीस, पाटावरची शिकवणी. साहेबीण लिहून घेत होती.

‘बाकीच्या दहा भट्ट्यांचे मुकादम कोण? त्यांची नावं सांगा.’

‘त्यांची नावं नकोत. अकराच्या अकरा माझ्या नावावर लिहा.’

‘पण फॉर्म त्यांनी भरले ना?’

‘भरले, पण शिकवलं मी. मॅडम, एवढी मोठी चूक त्यांच्यातल्या कुणाला एकट्याला जमणारी नाही.’

शेजारच्या टेबलावर कुणीतरी हसलं. साहेबीण हसली नाही. तिनं लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवलं. ‘म्हणजे एका मुकादमामुळे अख्ख्या भागाचं उत्पादन बावीस वर्षं आहे त्यापेक्षा जास्त दिसलं.’

सरकारी माणसाच्या तोंडी आपण आणि अख्खा भाग एकाच वाक्यात यावं, असं थोरल्याला फार वर्षं वाटत होतं. आलं. त्यानं खुर्ची ओढली आणि बसला.

‘आठ वर्षांपूर्वीच्या यादीत तुमचा भाग बसला असता,’ साहेबीण म्हणाली. रागानं नाही, नुसतं सांगितलं. ‘खरे आकडे कुठे मिळतील का? बावीस वर्षांचे?’

‘भिंतीवर आहेत.’

‘कुठल्या भिंतीवर?’

‘बायकांच्या.’

पुढच्या आठवड्यात ती स्वतः आली. सोबत धाकटा, मोठं रजिस्टर घेऊन. निवडणीच्या बायकांनी तिला पोत्यावर बसवलं, कौल कसं वाजवायचं ते दाखवलं, तिला दोन-तीन बद्द ओळखताही आली. थोरला भिंतीजवळ उभा राहून खुणा वाचत गेला आणि धाकटा लिहीत गेला. सात हजार सहाशे. सात हजार सातशे. दोन दिवस लागले. मग बाकीच्या शेड बघितल्या. अकरापैकी सात ठिकाणी अशा भिंती निघाल्या. चार ठिकाणी चुना लागून गेला होता, तिथे अंदाजावर काम भागवायचं ठरलं. बोक्याच्या शेडमधल्या बायकांनी तर भिंतीला पडदा लावून ठेवला होता, आणि ते बोक्याला माहीत नव्हतं.

धाकट्याची नोकरी राहिली. त्याच्या फाइलमध्ये एक ओळ मात्र पडली, तपासणीत हलगर्जी. त्या ओळीमुळे वरची जागा आता त्याला मिळणार नव्हती. हे त्यानं सांगितलं नाही, वहिनीनं काढून घेतलं.

तो नवी रेघ काढायला रविवारी थोरल्याकडेच आला. म्हणाला, घरी मुलं दंगा करतात. टेबलावर चौकटींचा कागद, पट्टी, पेन्सिल. थोरला शेजारी बसून आकडे वाचत होता. पेन्सिल पहिली पाच वर्षं जवळजवळ सरळ गेली, मग उतरायला लागली.

‘तुला कधी संशय आला नाही?’ थोरल्यानं विचारलं.

‘आला होता.’

‘कधी?’

‘दहाव्या वर्षी. खापरांचा ढीग रस्त्यावरून दिसायला लागला तेव्हा.’

‘मग विचारलं का नाहीस?’

धाकट्यानं पेन्सिल थांबवून त्याच्याकडे बघितलं. ‘तुला?’

एवढंच म्हणाला. थोरल्याला वाटलं, यानं दोन थोबाडीत मारल्या असत्या तरी बरं झालं असतं. पेन्सिल परत चालू लागली. यादीच्या वर्षाशी आली तेव्हा रेघ चौथाईहून जास्त उतरली होती, डोळ्यांनी दिसण्याइतकी.

‘आता यादीत येऊ आपण?’

‘मॅडमनी नाव पाठवलंय. दोन वर्षं तरी लागतील.’

‘आणि मधली आठ वर्षं गेली ती? त्यांचं काय लिहितात?’

‘त्याला रकाना नाही, दादा.’

थोरल्यानं कागदाच्या कडा हातानं सपाट केल्या. मग म्हणाला, ‘याची एक प्रत मला दे.’

‘कशाला?’

‘टपरीवर. सांगायचं ते मीच सांगणार. बोका सांगेल तर अर्धवट सांगेल.’

संध्याकाळी भट्ट्या सुटल्यावर टपरी भरली होती. थोरला आला तसं दोघांनी सवयीनं ग्लास उचलून टेबल मोकळं केलं. बोक्यानं डोळे मिटून घेतले. थोरल्यानं कागद पसरला. निवडणीच्या चार-पाच बायका घरी जाता जाता कडेला थांबल्या, त्यांच्यात वहिनीही होती. वहिनी टपरीजवळ कधी थांबत नसे.

‘ही आपली रेघ,’ तो म्हणाला. आवाज तोच, मोठा. ‘खरी. आधीची मी फुगवली होती. फुटलेली कौलं मी मोजली, आणि तुम्हाला मोजायला शिकवली. म्हणून आपण यादीत गेलो नाही. म्हणून गॅसच्या भट्ट्या पुलापलीकडे आहेत आणि आपल्याकडे नाहीत. इथे—’ त्याचं बोट उतारावर ठेवलेलं होतं, ते पुढे सरकेना. ‘इथे जे जे गाव सोडून गेले ते माझ्यामुळे गेले.’

कुणी हसलं नाही. आग घालणारा एक म्हातारा मागच्या बाकावर बसला होता. त्याचे दोन्ही मुलगे त्याच वर्षांत बाहेर गेले होते. तो हळूच म्हणाला, ‘मग आता आमचं काय, मुकादम?’

थोरल्यानं सवयीनं छपराकडे बघितलं. तिथून त्याला नेहमी उत्तर मिळायचं.

‘मला माहीत नाही,’ तो म्हणाला.

म्हाताऱ्यानं मान हलवली. बोक्यानं थोडं सरकून बाकावर जागा केली. थोरला बसला, आणि म्हाताऱ्याला मुलं हल्ली कुठे असतात, काय करतात, ते विचारायला लागला.